ठाकुर्लीची संत्री

मोतीबिंदू काढायला निघालेला माणूस डोळ्यांची काळजी करतो. देवराम निघाले तेव्हा त्यांना काळजी लागली होती हॉलमधल्या माशांच्या टाकीची. मुलगी मेघना नाशिकहून न्यायला आलेली, पिशव्या खाली गाडीत गेलेल्या, आणि हे अजून हॉलमध्ये काचेला नाक लावून उभे.

"माये, दिवा सकाळी दहाला आपोआप लागतो, आठला आपोआप विझतो. त्याला हात लावू नकोस. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. आणि पाणी रोज ह्या रेघेपर्यंत. उडून जातं ना, तेवढंच भरायचं. टाकी समुद्राची असली तरी वरून घालायचं ते मिठाचं नाही, गोडं."

"मामा, चौथ्यांदा सांगताय." माया त्यांची सून; सासऱ्यांना ती मामा म्हणायची, त्यांच्याकडे तशीच रीत.

"नळाचं घालायचं नाही. टाकीसाठी पाणी शुद्ध करायचं माझं मशीन आहे ना, त्याचे पाच कॅन भरून ठेवलेत. संपले तर आपलं प्यायचं चांगलं पाणी घाल."

"मी सोळा वर्षं तुम्हाला जगवलंय, दोन मासे जगवता येणार नाहीत का?"

"मासे गेले तरी चालतील," देवराम म्हणाले. "संत्री जपायची."

संत्री म्हणजे त्या टाकीचा जीव. नखाएवढी गोल नारंगी तोंडं, भोवती हिरवी झालर, दगडाला चिकटून शेकड्यांनी. दिवा लागला की उघडायची, काचेवर बोट आपटलं की मिटून बसायची. दिसायला फुलं, पण जनावर. दगडी प्रवाळाला कायद्यानं हात लावायचा नाही, म्हणून ही मऊ जात. देवराम वीज मंडळातून रिटायर झाल्यावर ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या घरी वायरिंगचं काम करायला गेले होते. तिथल्या टाकीसमोर पक्कड हातात धरून पाऊण तास उभे राहिले. बाईंनी हसून पाच तोंडांचा तुकडा पिशवीत घालून दिला. "मला परत काही नको," म्हणाल्या, "वाढलं की पुढं दोघांना द्या." त्या आता परदेशी गेल्या, पण त्यांचं वाक्य ठाकुर्लीच्या चौथ्या मजल्यावर राहायला आलं ते कायमचं.

दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी डबा घेऊन यायचं. देवराम हातमोजे चढवायचे, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा लावायचे, कारण ह्या फुलांचा चीक विषारी. मग छिन्नीनं दगडाची कपची उडवायची, फुटक्या लादीच्या तुकड्यावर फेविक्विकनं चिकटवायची, पिशवीत पाणी, पिशवीला गाठ. आणि जाता जाता दारात ती एकच बोली. "परत नाही, पुढं. दोघांना."

"निदान कुणाला दिलं ते लक्षात तरी ठेवा," माया एकदा म्हणाली होती. शिवणाच्या मशीनवर बसून तिचे दोन्ही कान त्या दाराकडेच असायचे.

"लक्षात ठेवलं की त्याचं उसनं होतं, माये."

तिनं पुन्हा पायडल मारलं. तिचा नवरा महेंद्र एअरपोर्टला टॅक्सी चालवायचा, दिवसा झोपायचा. त्याचं म्हणणं एवढंच, की हॉलमध्ये झोपलं की निळ्या उजेडात लग्नाच्या स्टेजवर झोपल्यासारखं वाटतं.

तर देवराम गेले. पाच दिवसांत कॅन संपले. उन्हाळाच तसा होता, टाकी रोज दोन-तीन लीटर पाणी पिऊन मोकळी. मशीन कसं लावायचं ते मामांनी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला फोन करावा तर त्या दिवशी उजवा डोळा होता. माया स्वयंपाकघरात आली. ओट्यावर तांब्याची कळशी होती.

ही कळशी तिचीच भक्ती. मामांना बीपी, गुडघे, वर पोट साफ नाही. कुणीतरी विहारात सांगितलं, तांब्यातलं पाणी रात्रभर ठेवून सकाळी द्या. तेव्हापासून सहा वर्षं ती दर दोन दिवसांनी चिंच-मीठ लावून ती कळशी सोन्यासारखी घासायची आणि फिल्टरचं पाणी भरून ठेवायची. मामा नाशिकला गेले तरी हाताची सवय जाईना. रोज कळशी भरायची, रोज प्यायला कोणी नाही. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे तेच की. मामांच्या वाटणीचं, मामांच्या संत्र्यांना. रेघेपर्यंत भरताना तिला उगाच पुण्य केल्यासारखं वाटायचं.

आठवड्यानं कोळंबी दिसेनाशी झाली. लपली असेल. मग काचेवरच्या गोगलगाई एकेक करून खाली पडल्या. म्हातारपण असेल. मग एका सकाळी दिवा लागला आणि संत्री उघडलीच नाहीत.

साडेदहाला नाशिकहून फोन. "डोळा ठीक आहे. उघडली का संत्री?"

"उघडली," माया म्हणाली. जीभ तिची, पण शब्द कुठून आला ते तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. "उघडली का?" "उघडली." तोवर दगडावर नुसती तपकिरी बटणं राहिली होती आणि पाण्याला वास येत होता. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, ती टाकीसमोर स्टूलवर बसली आणि तिला स्वच्छ कळलं, की डाव्या डोळ्याची पट्टी काढून हा माणूस रविवारी घरी येणार, आणि नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा बघणार ते हे.

टाकीच्या मागे सेलोटेपनं चिकटवलेला एक नंबर होता. उत्तम, डोंबिवली. हा माणूस डोंबिवलीत बँकेत कॅशियर. मामांकडून तुकडा नेणाऱ्यांतला पहिला. तिनं फोन लावला.

"जय भीम वहिनी. काका कसे आहेत?"

"काका बरे आहेत. संत्री बरी नाहीत. मी म्हटलं, मोठ्या पातेल्यात दगड जरा उकळून घेऊ का, म्हणजे जे काय लागलंय ते..."

"वहिनी!" उत्तम इतका ओरडला की बेडरूममध्ये महेंद्र उठून बसला. "गॅस लावला नाहीये ना? उकळायचं नाही! ती वाफ छातीत गेली तर सगळे ॲडमिट व्हाल. हात नका लावू. मी जेवणाच्या सुट्टीत येतो."

तो आला तो छोट्या कुप्यांची पेटी घेऊन. टाकीतलं पाणी कुपीत घेतलं, थेंब टाकले, आणि कुपी खिडकीशी धरली. रंग निळा होत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"कॉपर. वहिनी, ह्यात तांबं कुठून आलं?"

मायानं मान वळवली. उत्तमची नजर तिच्या नजरेमागे स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर कळशी लखलखत होती.

"रोज?" त्यानं विचारलं.

"रोज. चिंच लावून."

उत्तम मट्‌कन खाली बसला. "माणसाला चांगलं. पण ह्यांना... कोळंबी, गोगलगाय, संत्री, सगळ्यांना विष. मासे तेवढे तगलेत." मग तिच्याकडे बघून घाईघाईनं म्हणाला, "कुणालाही वाटलं असतं वहिनी. मी स्वतः एकदा टाकीत डेटॉलचा हात घातलाय."

"तुमच्याकडे आहेत ना? मामांनी दिलेली?"

"मागच्या मेमध्ये आमच्याकडे सोळा तास लाईट नव्हती. सगळं गेलं. काकांना सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तर वर्षभर आलो नाही." तो कानाची पाळी चोळत राहिला. "पण त्याआधी मी ठाण्याच्या सहदेवकाकांना दिलेला तुकडा. तिथं बघा."

बुधवारी माया ठाण्याला कोळीवाड्यात गेली. सहदेव सत्तरीचे, होडीवर आयुष्य गेलेले, आणि आता ओसरीत चार फुटी टाकी. तिनं येण्याचं कारण सांगितलं तसे ते हसायलाच लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

"बाय गो, काय सांगू? ह्यो पिवला मासा दिसतंय? हौशीनं आनला. चार दिवसांत सगळी संत्री खाल्लीन यानं. जलमभर आमी मावरा खाल्ला, आता मावऱ्यानं आमचा खाल्ला."

"एकही नाही?"

"एक पन नाय." पण ते तिला उठू देईनात. पोह्याचे पापड आले, चहा आला. "तुजा सासरा मला वलखत नाय. मी त्याला वलखतो. त्या तुकड्यानं माजी दारू सुटली, ठाव हाय? संध्याकाली हात कापायचं. मग टाकीशी येऊन बसायचा. संत्री मिटंपर्यंत बसायचा. मिटली का झोपायचा. जमला." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू पापड कसे तळले ते सांगत होते. मग एक पुडकं पुढं केलं. "ह्यी काली पूड टाकीत सोड, तांबा वढून घेते. महिनाभर लागंल. आनि विठ्ठलवाडीला जा. पार्लरवाली मंजुळा. तिला मी दोन वर्सांपूर्वी दिलेला."

घरी येताना माया पुडकं मांडीवर धरून बसली होती. सोळा वर्षं एका घरात राहून तिला मामांचं बीपी ठाऊक होतं, गुडघे ठाऊक होते, चहात साखर किती ते ठाऊक होतं. कोळीवाड्यातला एक म्हातारा त्यांच्या संत्र्यांच्या जिवावर झोपायला शिकला, हे ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं, ही आणखी मौज.

गुरुवारी विठ्ठलवाडी. पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, एका खुर्चीवर तोंडाला लेप लावून पडलेली गिऱ्हाईक बाई. आणि आरशाच्या बाजूला दीड फुटाची टाकी, तिच्यात दगड दिसतच नव्हता. नुसती संत्री.  मायानं आरशात बघून पदर सारखा केला.

"आयब्रो?" मंजुळानं विचारलं. चाळिशीची, ठेंगणी, तोंडात दोरा धरूनच बोलणारी.

"ही संत्री..."

"अय्या! टाकीवाल्या का? बसा ना ताई. ही ठाकुर्ली."

"मी ठाकुर्लीहूनच आले."

"तसं नाही हो. ह्या जातीचं नावच ठाकुर्ली. ग्रुपवर सगळे तेच म्हणतात. कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंत आहे. खडवलीच्या सरांकडे मीच दिलीये."

"ही माझ्या सासऱ्यांची आहे," माया म्हणाली, आणि सगळं सांगितलं. कळशी, चिंच, दोनदा बोललेलं खोटं, रविवार. लेपवाली बाईसुद्धा एक डोळा उघडून ऐकत होती.

मंजुळानं तोंडातला दोरा काढला. "म्हणजे ते... सुरुवात केली ते? ते आहेत अजून? मला वाटायचं, ठाकुर्लीचे कुणीतरी जुने, होऊन गेलेले." तिनं दोन्ही हात जोडले, टाकीलाच. मग तोंड एवढंसं झालं. "पण ताई, मग तर देता येणार नाही."

"का?"

"परत नाही, पुढं. दोघांना. सहदेवकाकांनी शपथ घातल्यासारखं सांगितलंय. ज्यांनी दिलं त्यांच्या घरी परत गेलं तर ते पुढं कसं झालं? आमच्यात हे कुणी मोडलेलं नाही. ज्यांचा नियम, त्यांच्यासाठीच मोडू?"

माया बघतच राहिली. घरच्या दारात शंभरदा ऐकलेलं वाक्य. ते डोंबिवली, ठाणे करत इथं येऊन तिच्याच वाटेत आडवं उभं. तिला रडावं का हसावं कळेना.

तोंड न हलवता लेपवाली बाई म्हणाली, "अगं मंजू, मग सासऱ्याला नको देऊस. हिला दे."

मंजुळानं टाकीकडे पाहिलं, मग मायाकडे.

"हिची टाकी कुठाय?" मंजुळा म्हणाली.

"घेते," माया म्हणाली. "आज घेते. माझी. वेगळी."

"जुनं पाणी लागतं. नव्या पाण्यात मरतील."

"तुम्ही सांगाल ते करते. फक्त सांगा."

मंजुळानं तिच्याकडे नीट पाहिलं, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला काय शोभेल ते पाहतात तसं. मग ड्रॉवरमधून हातमोजे काढले, गॉगल लावला, दुसरा मायाला दिला. "लावा. चीक उडाला तर आयुष्यभर माझ्याच पार्लरला यावं लागेल." लेपवालीला तिनं खुर्चीसकट दाराकडे ढकललं. छिन्नी एकदाच वाजली. सात तोंडांचा तुकडा निघाला. तिनं तो लादीच्या कपचीवर चिकटवला. मायानं पाहिलं, मामा चिकटवतात तसाच, फेविक्विकचा एक थेंब, मग अंगठ्यानं दाबून दहा आकडे. कुणी कुणाला शिकवलं असेल?

पिशवी हातात देताना मंजुळा म्हणाली, "तुम्हाला देतेय हं ताई. सासऱ्यांना नाही. परत नाही, पुढं. दोघांना. आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"हे शेवटचं पण नियमात आहे?"

"ते माझं."

दोन कॅन पाणी आणि एक जुना दगड मंजुळानं वर दिला. उत्तमनं त्याच संध्याकाळी फूटभराची टाकी आणि छोटा दिवा आणून दिला, म्हणाला, घरात पडलेलाच होता. माया त्याला चहा देताना म्हणाली, "उत्तमभाऊ, ही वाढली की पहिला तुकडा तुमचा. आणि वर्षभर तोंड लपवायचं नाही." उत्तमनं चहा घेतला पण प्यायचं विसरला.

टाकी ठेवायला घरात जागा एकच होती. मायानं शिवणाच्या मशीनशेजारची फळी रिकामी केली. ब्लाऊजपीसच्या पिशव्या पलंगाखाली गेल्या. महेंद्र उठून आला आणि दोन निळे दिवे बघून म्हणाला, "आता रिसेप्शनपण झालं."

शुक्रवारी मिटलेली. शनिवारी मिटलेली. माया पायडल मारताना दर दोन टाक्यांनी वळून बघायची. त्यामुळे एका बाईच्या ब्लाऊजची उजवी बाही डावीकडे लागली. फोन आला की ती म्हणायची, "मामा, रविवारी बोलू." तिकडून देवराम काही विचारत नव्हते. विचारत नव्हते म्हणजे त्यांना कळलं होतं, हे तिलाही कळलं होतं.

रविवारी अकराला देवराम आले. काळा चष्मा, मेघनानं घेतलेला नवा शर्ट. चप्पल काढायच्या आत मायानं सांगून टाकलं. मनात तिनं चार वाक्यं रचली होती, ती सगळी विसरली.

"मामा, संत्री गेली. मी मारली. कळशीतलं पाणी घातलं रोज. आणि दोनदा खोटं बोलले."

देवराम टाकीपाशी गेले. दोन मासे फिरत होते. दगड उघडा पडलेला. त्यांनी हात काचेवर ठेवला आणि तसाच ठेवला. सात वर्षं वाढवलेली संत्री. महेंद्र दारातून पुढं आला, मग मागं गेला. मेघना भावाकडे बघायला लागली. माया पदराचं टोक पिळत उभी.

मग ते म्हणाले, "कॅन पाचच ठेवले मी. तीन आठवड्यांना पाच. ते माझं चुकलं." मग काचेवरचा हात काढत, "आणि चांगलं पाणी घाल म्हणालो, ते मीच."

"मामा..."

"कळशी रोज भरत होतीस? मी नसताना?"

"हाताला सवय."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तहान लागलीय. पाणी दे."

माया स्टीलचा पेला भरून घेऊन आली. त्यांनी पेल्यात बघितलं. "हे नाही. माझं."

ती स्वयंपाकघरात गेली. मंगळवारपासून कळशी तिनं फळीच्या मागं पालथी घालून ठेवली होती, तोंड बघायला नको म्हणून. तिनं ती काढली, विसळली, भरली. रात्रभर ठेवलेलं नव्हतं, पण देवरामांनी पेला एका दमात संपवला. तोंड पुसलं, आणि तेव्हा त्यांचं लक्ष शिवणाच्या मशीनकडे गेलं.

ते उठले. चष्मा कपाळावर सरकवला. "मामा, डॉक्टर..." मेघना ओरडली. त्यांनी ऐकलं नाही.

सातांतली पाच उघडली होती.

"ही..." देवराम काचेजवळ वाकले. "एवढी नारंगी होती ही? आधीपासून?"

"आधीपासून," माया म्हणाली. "तुमच्याच डोळ्यांवर पडदा होता."

"आणली कुठून?"

तिनं सांगितलं. उत्तमची सोळा तासांची वीज, सहदेवांचा पिवळा मासा आणि तांबं ओढणारी काळी पूड, विठ्ठलवाडीचं पार्लर, लेपवाली. सहदेवांची संध्याकाळ सांगताना ती हळू झाली. ठाकुर्ली हे नाव सांगितलं, खडवलीचे सर सांगितले. देवराम ऐकताना टाकीकडेच बघत होते. नव्या डोळ्यांतून पाणी आलेलं चालतं का, हे विचारायचं मेघनाला सुचलं नाही.

"मी काही केलं नाही गं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी दिलं ते दिलं फक्त."

"हो ना. म्हणून तर परत मिळत नव्हतं. तुमचाच नियम. मंजुळानं सासऱ्यांना द्यायला चक्क नाही म्हटलं."

देवराम हसले. आधी नाकातून, मग पोटातून, गुडघा धरून. हसणं ओसरल्यावर त्यांनी नवा शर्ट खाली ओढून सारखा केला आणि, डबा घेऊन दारात येणारे लोक उभे राहायचे तसे, दोन्ही हात पुढं बांधून उभे राहिले.

"मग ताई," ते म्हणाले, "माझी टाकी महिन्याभरात स्वच्छ होईल म्हणताय. एखादा तुकडा मिळेल का?"

 मशीनवरची कात्री उगाच उचलून मायानं परत खाली ठेवली.

"मिळेल," ती म्हणाली. "पण पहिला नंबर उत्तमभाऊंचा. तुमचा दुसरा. थांबावं लागेल."

"थांबतो."

"आणि परत नाही, पुढं. दोघांना द्यावं लागेल."

"देईन."

"आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," माया म्हणाली, आणि आधण ठेवायला आत गेली.